नकाशाच्या सर्व्हरची मेमरी संपते तेव्हा: जिओसर्व्हर सांभाळणाऱ्या नव्या मंडळींसाठी

सांगलीत आयर्विन पुलाजवळच्या पाण्याचे दोन आकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. ४० फूट म्हणजे इशारा पातळी, ४५ फूट म्हणजे धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तेव्हापासून पावसाळ्यात कृष्णा चढायला लागली की माणसं आधी मोबाईलवर नकाशा उघडतात. आपल्या गल्लीत किती फुटाला पाणी येतं, दत्तनगरातून बाहेर पडायला कुठला रस्ता कोरडा राहील, हे बघतात. असा पूररेषांचा नकाशा दाखवणारा एक छोटा सर्व्हर आम्ही काही जण मिळून चालवतो. वर्षातले दहा महिने त्याच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. आणि ज्या दिवशी सगळं गाव एकदम बघतं, नेमका त्याच दिवशी तो मान टाकतो.

“दादा, नकाशा उघडंना झालाय. नुसतं गोल फिरतंय.” असा फोन आला की पूर्वी आम्ही सर्व्हर रीस्टार्ट करायचो. वीस मिनिटं चालायचा, पुन्हा तेच. मग कुणीतरी म्हणालं, मेमरी वाढवा. ८ जीबी रॅमच्या मशीनवर आम्ही जावाला, म्हणजे नकाशाचा सर्व्हर जिच्यावर चालतो त्या यंत्रणेला, थेट ६ जीबी देऊन टाकले. त्यानंतर सर्व्हर अडकायचा बंद झाला आणि सरळ गायब व्हायला लागला. लॉगमध्ये एक ओळसुद्धा न सोडता. म्हणजे औषधानंच दुखणं वाढवलं होतं, आणि हे कळायला आम्हाला एक अख्खा पावसाळा लागला. तुमचा तेवढा वेळ जाऊ नये म्हणून हे सगळं क्रमानं लिहितोय. मेमरी वाढवायचं काम या क्रमात बरंच खाली येतं. कुठली मेमरी संपली आणि ती कुणी खाल्ली, हे त्याच्या आधी शोधायचं.

उबंटूवर टॉमकॅट (जावाचे वेब प्रोग्राम चालवणारा), त्यात जिओसर्व्हर (नकाशाची चित्रं काढून देणारा), आणि त्याच मशीनवर पोस्टजीआयएस (नकाशाच्या आकृत्या ठेवणारा डेटाबेस), अशी मांडणी मी धरून चाललोय. आज्ञा इथं देवनागरीत आहेत. टाइप करताना त्या रोमन अक्षरांत करायच्या, आणि लहान-मोठ्या अक्षरांचा फरक जपायचा.

रीस्टार्टच्या आधीची दोन मिनिटं

लोक ताटकळलेले असतात, त्यामुळं हात आपोआप रीस्टार्टकडं जातो. पण रीस्टार्ट झालं की पुरावा गेला. दोन मिनिटं काढा आणि आधी हे एका फाइलमध्ये उतरवून घ्या.

जावाच्या प्रोसेसचा नंबर काढायला नुसतं ‘सुडो -यू टॉमकॅट जेसीएमडी’ म्हणा, चालू असलेल्या जावा प्रोसेस नंबरासकट दिसतात. समजा नंबर २१४५ आला. मग:

सुडो -यू टॉमकॅट जेसीएमडी २१४५ जीसी.हीप_इन्फो
सुडो -यू टॉमकॅट जेसीएमडी २१४५ थ्रेड.प्रिंट
सुडो -यू टॉमकॅट जेसीएमडी २१४५ जीसी.क्लास_हिस्टोग्राम
फ्री -एम

इथं नवी माणसं दोन ठिकाणी अडखळतात. जेसीएमडी हे हत्यार जेडीकेबरोबर (जावाच्या पूर्ण संचाबरोबर) येतं. मशीनवर नुसतं जेआरई, म्हणजे जावा चालवण्यापुरता भाग, असेल तर ते सापडतच नाही. आणि टॉमकॅट ज्या युजरच्या नावानं चालतो त्याच युजरच्या नावानं ते चालवावं लागतं, नाहीतर प्रोसेसशी जोडणीच होत नाही. म्हणून ते ‘सुडो -यू टॉमकॅट’. जेसीएमडीच्या आज्ञांत हिस्टोग्राम (मेमरीत कुठल्या वस्तू किती, याची यादी) मुद्दाम शेवटी ठेवलाय, कारण तो काढताना जावा आधी पूर्ण साफसफाई (जीसी, म्हणजे नको झालेल्या वस्तू मेमरीतून काढणं) करते आणि तेवढा वेळ सगळं थांबतं.

एवढं झालं की खुशाल रीस्टार्ट करा. लोकांना नकाशा हवाय. बाकीची चौकशी रात्री निवांत बसून करता येते.

कुठली मेमरी संपली?

हीप म्हणजे जावानं सुरू होतानाच कमाल माप ठरवून घेतलेली जागा. आपल्या हरिपूरच्या हळदीच्या पेवासारखं समजा. पेव जेवढं खणलं तेवढाच माल मावणार, वर गाड्या कितीही उभ्या असोत. नकाशा काढताना लागणारी चित्रं, बिंदू, अक्षरं हा सगळा माल या पेवात पडतो. पण पेवाबाहेरही जागा लागते. प्रत्येक थ्रेडचा, म्हणजे एकेक काम चालवणाऱ्या धाग्याचा, स्टॅक हीपच्या बाहेर असतो, ६४ बिटी लिनक्सवर साधारण १ एमबीचा. क्लासची माहिती ठेवणारा मेटास्पेस बाहेर, आणि काही चित्रप्रक्रिया करणाऱ्या नेटिव्ह लायब्ऱ्यांचा खर्चही बाहेर. त्यामुळं ‘मेमरी संपली’ या एका वाक्यामागं चार-पाच वेगळी दुखणी असू शकतात, आणि त्यांची औषधं एकमेकांच्या उलटसुद्धा असतात.

जिओसर्व्हरच्या डेटा डिरेक्टरीत ‘लॉग्ज’ फोल्डर असतं, टॉमकॅटचा स्वतःचा ‘कॅटालिना.आउट’ असतो. दोन्हीकडं ‘आउटऑफमेमरीएरर’ हा शब्द शोधा आणि त्याच्या पुढं काय लिहिलंय ते अक्षर न अक्षर वाचा.

‘जावा हीप स्पेस’ असं असेल तर पेव भरलं. नकाशाच्या सर्व्हरवर सर्वांत जास्त वेळा हेच भेटतं आणि या लेखाचा मोठा भाग त्याच्याचबद्दल आहे. ‘जीसी ओव्हरहेड लिमिट एक्सीडेड’ हे त्याचंच भावंड, पॅरलल जीसी ही साफसफाईची पद्धत वापरणाऱ्यांना दिसतं: ९८ टक्क्यांहून जास्त वेळ साफसफाईत चाललाय आणि २ टक्केसुद्धा जागा मोकळी होत नाही, असा त्याचा अर्थ.

‘मेटास्पेस’ दिसलं तर बहुतेक वेळा कुणीतरी टॉमकॅट चालू ठेवूनच जिओसर्व्हरची वॉर फाइल (त्याचा सगळा प्रोग्राम असलेली फाइल) पुन्हा पुन्हा काढून-बसवून केलेली असते. जुने क्लास सुटत नाहीत आणि साचत जातात. वॉर बदलली की टॉमकॅट पूर्ण बंद करून सुरू करा, प्रश्न मिटतो. जुन्या लेखांत इथं पर्मजेन (मेटास्पेसच्या आधीची तशीच जागा) वाढवायला सांगितलेलं असतं. जावा ८ आली तेव्हाच, २०१४ साली, पर्मजेन गेलं. तो सल्ला उचलू नका.

‘अनेबल टू क्रिएट नेटिव्ह थ्रेड’ आलं तर हीप कमी पडलेलं नसतं. नवा थ्रेड काढायला बाहेर जागा नाही, किंवा त्या युजरला ठरवून दिलेली थ्रेडची मर्यादा संपली. इथं हीप वाढवलं तर बाहेरची जागा आणखी आकसते.

आणि शेवटचं, आमच्या नशिबी आलेलं: लॉगमध्ये काहीच नाही, प्रोसेसच नाही. अशा वेळी जावाला विचारून उपयोग नाही, कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, विचारायचं:

सुडो जर्नलसीटीएल -के | ग्रेप -आय "किल्ड प्रोसेस"

तिथं ‘आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस २१४५ (जावा)’ अशी ओळ सापडली की समजा, मशीनचीच रॅम संपली आणि कर्नलनं सगळ्यात जाड प्रोसेस उचलून मारली. जावाला शेवटचा शब्द बोलायलाही मिळत नाही. आमच्या ८ जीबीमध्ये ६ जीबीचं हीप, त्यावर थ्रेड आणि मेटास्पेस, शेजारी पोस्टजीआयएस, म्हणजे बेरीज आधीच बाहेर गेली होती. इथं औषध हीप कमी करणं हेच. आम्ही ते वाढवत होतो.

तुम्ही दिलेला आकडा जावाला पोचलाय का?

ही पायरी क्षुल्लक वाटते, पण मी बघितलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच इथंच सुटल्या. सांगणारा छातीठोकपणे सांगतो, “सर, ४ जीबी दिलेत की.” प्रत्यक्षात ते चुकीच्या फाइलमध्ये दिलेले असतात. खरं काय ते जावालाच विचारा:

सुडो -यू टॉमकॅट जेसीएमडी २१४५ व्हीएम.फ्लॅग्ज

येणाऱ्या गर्दीत ‘मॅक्सहीपसाइझ’ शोधा. आकडा बाइटमध्ये असतो. २१४७४८३६४८ म्हणजे २ जीबी. तुम्ही काहीच सांगितलं नसेल तर जावा मशीनच्या रॅमचा साधारण चौथा हिस्सा हीपसाठी धरते. म्हणून ८ जीबीच्या मशीनवर २ जीबीच्या आसपासचा आकडा दिसला, तर तुमची सेटिंग पोचलेलीच नाही असं समजायला हरकत नाही.

टॉमकॅट हातानं उतरवून बसवला असेल तर त्याच्या ‘बिन’ फोल्डरमध्ये ‘सेटएन्व्ह.एसएच’ नावाची फाइल करायची आणि त्यात ‘कॅटालिना_ऑप्ट्स’ भरायचं. ‘जावा_ऑप्ट्स’सुद्धा चालतं, पण ते टॉमकॅट बंद करायच्या आज्ञेलाही लागू होतं, म्हणजे बंद करणारी छोटी प्रोसेससुद्धा तेवढंच मोठं हीप मागायला जाते. उबंटूच्या पॅकेजमधून घेतला असेल तर ‘ईटीसी’मधल्या ‘डिफॉल्ट’ फोल्डरात टॉमकॅटच्या नावाची फाइल असते, ती बदलायची. जिओसर्व्हरबरोबर येणारी जेट्टी वापरत असाल तर मात्र ‘जावा_ऑप्ट्स’ हेच नाव.

श्वास कसा चाललाय ते बघा

सर्व्हर पुन्हा सुरू झाला, लोक वापरतायत. आता शेजारी बसून त्याच्याकडं बघायचं:

सुडो -यू टॉमकॅट जेस्टॅट -जीसीयुटिल २१४५ ५०००

दर ५ सेकंदांनी एक ओळ पडते. ‘ओ’ हा रकाना जुन्या वस्तूंच्या जागेचा, टक्क्यांत. ‘एफजीसी’ म्हणजे पूर्ण साफसफाई किती वेळा झाली. नवी माणसं ‘ओ’ वर चढताना बघून घाबरतात. चढणं हा दोष नाही. जावा जागा लागेपर्यंत कचरा उचलतच नाही. साफसफाई झाल्यावर तो कुठपर्यंत खाली येतो, हे महत्त्वाचं.

जास्त स्पष्ट बघायचं असेल तर जावा ९पासून ‘-एक्सलॉग:जीसी*:फाइल=’ आणि पुढं फाइलचा पत्ता, असा पर्याय देऊन साफसफाईची नोंदवही सुरू करा. तिच्यात अशा ओळी पडतात:

पॉज यंग (नॉर्मल) १५३०एम->६१०एम(२०४८एम) १८.२एमएस

साफसफाईआधी १५३० एमबी भरलेले, नंतर ६१०, एकूण जागा २०४८, आणि त्यासाठी १८.२ मिलिसेकंद थांबलं. बाणाच्या उजवीकडचा आकडा तासाभराच्या ओळींत नजरेखालून घाला. तो ६००च्या आसपास रेंगाळत असेल तर तब्येत चांगली आहे. तो ६००, ७५०, ९००, ११०० असा दिवसभर चढतच गेला, तर काहीतरी साचतंय किंवा गळतंय. आणि तास-तासभर ६०० राहून अचानक दोन मिनिटांत १९०० झाला, तर गळतीचा संशय सोडून द्या. कुणीतरी एखादी प्रचंड रिक्वेस्ट टाकलीय. नकाशाच्या सर्व्हरवर मला हा तिसरा प्रकारच जास्त भेटलाय.

एक फसवी गोष्ट सांगून ठेवतो. रास्टर म्हणजे उपग्रह किंवा ड्रोनची चित्रं दाखवत असाल तर जिओसर्व्हर त्यांचे तुकडे हीपमध्येच जपून ठेवतो. जिओसर्व्हर २च्या आवृत्त्यांत जेएआयच्या (जावाच्या चित्रप्रक्रियेच्या लायब्ररीच्या) सेटिंगमध्ये या साठ्याची मर्यादा मुळातच ०.५ असते, म्हणजे हीपचा अर्धा भाग. त्यामुळं उजवीकडचा आकडा अर्ध्यापर्यंत चढून तिथंच बसला तर ती गळती नसते, साठा असतो. ‘सर्व्हर स्टेटस’ पानावर तो साठा मोकळा करायचं बटण आहे. ते दाबल्यावर आकडा धपकन खाली आला तर खात्री पटली.

कुणी खाल्लं: चित्रांचा हिशेब

सुरुवातीला उतरवून ठेवलेला हिस्टोग्राम आता उघडा. वरच्या पाच-सात ओळींत चौकटी कंसापुढं ‘बी’, ‘आय’ किंवा ‘डी’ अशी विचित्र नावं दिसतील. ‘बी’ आणि ‘आय’ म्हणजे बाइटांच्या आणि पूर्णांकांच्या रांगा. नकाशाच्या सर्व्हरवर त्या फुगल्या की पहिला संशय चित्रांवर घ्यायचा. ‘डी’ म्हणजे दशांश आकड्यांच्या रांगा. ती वर आली, किंवा ‘कोऑर्डिनेट’ नावाचा क्लास वर आला, तर खाणारे भूमितीचे बिंदू आहेत.

चित्राचा हिशेब बोटांवर होतो. दर पिक्सेलला ४ बाइट. मोबाईल-लॅपटॉपवरचा १०२४ गुणिले ७६८चा नकाशा ३ एमबीत निघतो. आता कुणीतरी तोच नकाशा भिंतीवर लावायला ए-३ कागदावर ३०० डीपीआयनं मागितला. ३५०८ गुणिले ४९६१ पिक्सेल, म्हणजे सुमारे ६ कोटी ९६ लाख बाइट. एका माणसाच्या एका क्लिकमध्ये जवळपास ६६ एमबी. स्टाईलमध्ये एकावर एक दोन थर असतील, म्हणजे रस्त्याची आधी जाड काळी रेघ आणि वर बारीक पांढरी, असं वेगवेगळ्या फीचर-टाइप-स्टाईलमध्ये लिहिलं असेल, तर प्रत्येक जादा थराला तेवढाच मोठा आणखी एक कागद मेमरीत पसरावा लागतो.

जिओसर्व्हरमध्ये यावर लगाम आधीपासून आहे. डब्ल्यूएमएसच्या (नकाशाचं चित्र देणाऱ्या सेवेच्या) सेटिंगमध्ये खाली ‘रिसोर्स कन्झम्प्शन लिमिट्स’ असतात. एका चित्राला कमाल मेमरी ६५५३६ केबी, म्हणजे ६४ एमबी, आणि कमाल वेळ ६० सेकंद. आपला ए-३चा हिशेब केबीत ६७९८१ येतो, म्हणजे तो थोडक्यात अडतो आणि सर्व्हर चित्राऐवजी चूक झाल्याचा संदेश देतो. अशी तक्रार आली की घाईघाईनं तिथं ० टाकून मर्यादाच काढणारे लोक मी पाहिलेत. कृपा करून तसं करू नका. छापायला मोठा नकाशा लागतोच, तो आपल्या संगणकावर क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये बसून एकदा काढा आणि पीडीएफ ठेवून द्या. गावाचा सर्व्हर त्यासाठी पणाला लावू नका.

पण ही मर्यादा दर रिक्वेस्टला आहे. रिक्वेस्ट किती याला ती विचारत नाही. टॉमकॅट मुळात २०० थ्रेडपर्यंत चालवतो. २०० गुणिले ६४ एमबी म्हणजे साडेबारा जीबी. तुमचं हीप २ किंवा ३ जीबीचं. रोज असं होत नाही, पण पुराच्या दिवशी त्या दिशेनं जायला वेळ लागत नाही. यावरचं औषध ‘कंट्रोल फ्लो’ नावाचा जोड आहे. जिओसर्व्हरची जी आवृत्ती असेल नेमकी त्याच आवृत्तीचा तो उतरवा, मागं-पुढं चालत नाही. मग डेटा डिरेक्टरीत ‘कंट्रोलफ्लो.प्रॉपर्टीज’ नावाची फाइल करून तिच्यात एवढं लिहा:

ओडब्ल्यूएस.डब्ल्यूएमएस.गेटमॅप=८
युजर=४
टाइमआउट=६०

म्हणजे एका वेळी ८च चित्रं काढायची, एका माणसाच्या ४च, आणि रांगेत ६० सेकंदांहून जास्त कुणाला ताटकळत ठेवायचं नाही. मशीनला जेवढे कोअर त्याच्या दुप्पट रिक्वेस्ट हा चांगला अंदाज; आमचे ४ कोअर, म्हणून ८. कमी केल्यानं लोकांना उशीर होईल अशी भीती वाटते. उलट घडतं. ८ चित्रं झरझर निघतात आणि रांग सरकते. २०० एकदम घेतली तर एकही निघत नाही. एवढी एक फाइल घातल्यापासून आमचा सर्व्हर हीप संपून एकदाही पडलेला नाही, म्हणून मी नव्या माणसाला कुठलीही गोष्ट सांगायच्या आधी ही सांगतो.

कुणी खाल्लं: बिंदूंचा हिशेब

इथं आमचा खरा चोर सापडला. आमच्याकडं ३० फुटांपासून ५७ फुटांपर्यंत दर फुटाला एक, असे २८ बहुभुज आहेत. उंचीच्या रास्टरवरून आपोआप काढलेले. दिसायला साधे निळे डाग. पण पोस्टजीआयएसमध्ये ‘एसटी_एनपॉइंट्स’ लावून मोजलं तर एकेकात सरासरी २ लाख बिंदू निघाले, कारण रास्टरच्या प्रत्येक चौकोनाची पायरी काठावर उतरलेली होती. एका बिंदूला क्ष आणि य मिळून किमान १६ बाइट. २ लाख बिंदूंचे ३२ लाख बाइट, २८ बहुभुजांचे सुमारे ८५ एमबी.

आणि हे कधी येतात? कुणी मारुती चौकातली एक गल्ली उघडली तरी. गल्ली छोटी आहे, पण ती प्रत्येक बहुभुजाच्या चौकटीत पडते, म्हणून इंडेक्स सगळे २८ उचलून देतो, पूर्ण बिंदूंसकट. वर जिओसर्व्हर डेटाबेसकडून एका खेपेला १००० ओळी मागतो. आमच्या ओळीच २८, त्यामुळं सगळा माल पहिल्या खेपेतच पेवात. २० माणसांनी एकदम आपापली गल्ली उघडली की १७०० एमबी. २ जीबीचं हीप त्यावर काय टिकणार? चित्राच्या ६४ एमबीच्या मर्यादेत हा खर्च मोजलाच जात नाही. ती मर्यादा फक्त कागदाचा आकार बघते, कागदावर काय ओतलं जातंय ते बघत नाही.

इलाज डेटाबेसमध्ये केला:

क्रिएट टेबल पूर_तुकडे ॲज सिलेक्ट फूट, एसटी_सबडिव्हाइड(जॉम, २५६) ॲज जॉम फ्रॉम पूररेषा;
क्रिएट इंडेक्स ऑन पूर_तुकडे युझिंग गिस्ट (जॉम);

यानं प्रत्येक बहुभुजाचे असे तुकडे होतात की कुठल्याही तुकड्यात २५६ पेक्षा जास्त बिंदू नाहीत. आता मारुती चौक उघडला तर मारुती चौकाभोवतीचे तुकडेच येतात. एक काळजी घ्या: तुकड्यांच्या लेयरला फक्त रंग भरा, कडेची रेघ देऊ नका. दिली तर तुकड्यांच्या जोडांवरही रेघा उमटतात आणि पुराच्या निळ्या रंगात उभ्या-आडव्या चौकटी दिसायला लागतात. आमच्याकडं पहिल्याच दिवशी एका काकांनी विचारलं, “बाळा, हे पाण्यात प्लॉट कशाला पाडलेत?” कडेची रेघ हवी असेल तर मूळ सीमारेषेचा वेगळा लेयर ठेवा, तोही ‘एसटी_सिम्प्लिफायप्रिझर्व्हटोपॉलॉजी’नं हलका करून. १० मीटरच्या रास्टरवरून काढलेल्या रेषेत दर पायरीचा बिंदू जपून कुणाचं भलं होत नाही.

ड्रोनची चित्रं

नदीकाठची ड्रोनची मोठी फाइल जशीच्या तशी जिओसर्व्हरला दाखवू नका. ‘जीडीएएलइन्फो’ (रास्टर फाइलींवर काम करणाऱ्या जीडीएएल संचातली आज्ञा) चालवून ‘ब्लॉक’ या शब्दापुढं बघा. ‘४००००x१’ असं काही असेल तर फाइल आडव्या पट्ट्यांत साठवलेली आहे, म्हणजे छोटा कोपरा दाखवायलाही पूर्ण रुंदीच्या ओळी वाचाव्या लागतात. ‘२५६x२५६’ किंवा ‘५१२x५१२’ असं असलं पाहिजे. आणि ‘ओव्हरव्ह्यूज’ (त्याच चित्राच्या कमी बारकाव्याच्या छोट्या प्रती) नसतील तर दुरून नकाशा बघणाऱ्या माणसासाठी सगळी फाइल उपसावी लागते. जीडीएएल ३.१ किंवा पुढची आवृत्ती असेल तर एका आज्ञेत दोन्ही होतं:

जीडीएएल_ट्रान्सलेट -ऑफ सीओजी -सीओ कॉम्प्रेस=जेपीईजी काठ.टिफ काठ_नवा.टिफ

जेपीईजी फक्त फोटोंसाठी. उंचीच्या रास्टरला ‘डिफ्लेट’ वापरा, नाहीतर उंचीचे आकडेच बदलतील, आणि पुराच्या कामात ते चालणार नाही.

आता हीपचा आकडा

एवढं करून झाल्यावर हीप किती द्यायचं ते ठरवा. डेटाबेस त्याच मशीनवर असेल तर मी रॅमच्या निम्म्याच्या आतच राहतो. आमच्या ८ जीबीपैकी ३ जीबी. उरलेलं वाया जात नाही. पोस्टजीआयएसला लागतं, थ्रेडना लागतं, आणि लिनक्स त्यात वाचलेल्या फाइली धरून ठेवतो, त्यामुळं टिफ फाइली वेगानं उघडतात. आमच्या ओळीत एवढंच आहे:

-एक्सएमएस३जी -एक्सएमएक्स३जी -एक्सएक्स:+हीपडंपऑनआउटऑफमेमरीएरर -एक्सएक्स:हीपडंपपाथ=/व्हार/लॉग/टॉमकॅट९ -एक्सएक्स:+एक्झिटऑनआउटऑफमेमरीएरर

पहिले दोन म्हणजे सुरुवातीचं आणि कमाल हीप, दोन्ही सारखंच. पुढच्या दोघांमुळं हीप संपलं की त्या क्षणाचं पूर्ण चित्र डिस्कवर उतरतं. त्या फोल्डरचं नाव तुमच्या टॉमकॅटप्रमाणं बदला. लॉगचं फोल्डर मुद्दाम निवडलंय, कारण पॅकेजमधल्या टॉमकॅटला मोजक्याच फोल्डरांत लिहायची मुभा असते. डंप हीपएवढा मोठा होऊ शकतो, म्हणून डिस्कवर तेवढी जागा मोकळी ठेवा. तो एक्लिप्सच्या मेमरी ॲनालायझरमध्ये उघडला की कुठल्या थ्रेडनं किती धरून ठेवलंय ते उतरत्या क्रमानं दिसतं. डंप कुणाला पाठवू मात्र नका. त्यात डेटाबेसचा पासवर्डसुद्धा असू शकतो.

शेवटचा पर्याय मला फार गरजेचा वाटतो. एकदा हीप संपलं की जावा अर्धमेली होऊन पडून राहते. प्रोसेस दिसते, पोर्ट उघडं दिसतं, नकाशा मात्र येत नाही. त्यापेक्षा ती स्वच्छ बंद झालेली बरी. सिस्टिमडीच्या (उबंटूत सेवा सुरू-बंद करणाऱ्या यंत्रणेच्या) सर्व्हिस फाइलमध्ये ‘रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर’ असलं की मिनिटाभरात सर्व्हर आपोआप उभा राहतो, आणि रात्री दोन वाजता कुणाला उठवावं लागत नाही.

मे महिन्यातली कामं

पूररेषा रोज बदलत नाहीत. म्हणून त्यांच्या टाइल (नकाशाचे छोटे चौकोनी तुकडे) आधीच काढून जिओवेबकॅशमध्ये साठवा. तो जिओसर्व्हरमध्येच असतो. मुळात तो ४ गुणिले ४ टाइल एकदम काढतो, म्हणजे १०२४ गुणिले १०२४चं एक चित्र, ४ एमबी. हे काम मे महिन्यात संथपणे करता येतं आणि जुलैत सर्व्हरला चित्र काढावंच लागत नाही, साठवलेलं उचलून द्यायचं असतं. वेबपानातला पत्ता ‘जीडब्ल्यूसी’चा, म्हणजे जिओवेबकॅशचा, आहे ना, तेवढं तपासा. साध्या डब्ल्यूएमएसचा पत्ता राहिला तर टाइल भरलेल्या असूनही कुणी त्यांना हात लावत नाही. पाण्याच्या ताज्या पातळीचा लेयर मात्र साठवू नका. तासापूर्वीचं पाणी दाखवणारा नकाशा माणसाला चुकीच्या रस्त्यावर नेऊ शकतो.

मग एक दिवस मुद्दाम ताण द्या. जेमीटर (सर्व्हरवर खोटी गर्दी सोडणारं हत्यार) घ्या, ५० खोटे वापरकर्ते करा, त्यांना सांगली, मिरज, हरिपूर असे वेगवेगळे कोपरे दर दोन सेकंदांना उघडायला लावा, आणि शेजारच्या खिडकीत जेस्टॅट चालू ठेवून अर्धा तास बसा. साफसफाईनंतरचा आकडा एका जागी रेंगाळतोय का आणि ‘एफजीसी’ वाढत नाही ना, हे बघा. वाढायला लागला तर हिस्टोग्राम काढा आणि पुन्हा चित्र की बिंदू इथून सुरुवात करा. आम्ही हे दरवर्षी मेच्या शेवटच्या रविवारी करतो, आणि त्या दिवसाचे आकडे, हीप, कंट्रोल फ्लो, कुठला लेयर बदलला, सगळं एका वहीत तारखेसह लिहून ती सर्व्हरच्या शेजारीच ठेवतो. पुढच्या वर्षी फोन उचलणारा मुलगा वेगळा असतो.